नागमोडी भिंतीचा हिशेब

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला सफक नावाचा परगणा आहे. सपाट शेतं, संथ वाहणारे ओढे, गारगोटीचे गोटे सोडले तर बांधकामाला दगड नाही आणि पायाखाली चिकणमाती मुबलक. अशा मुलखात वीट रुजणारच. इथल्या ईस्टन गावात रस्त्याच्या कडेने लाल विटांची एक भिंत जाते. ती सरळ जातच नाही. डावीकडे फुगते, उजवीकडे आत वळते, पुन्हा डावीकडे येते, आणि असं करत करत नजर पोचेल तिथवर जाते. एका उमरावाच्या वाड्याभोवतालच्या आवाराची ही भिंत. वाडा विसाव्या शतकात पाडला गेला. भिंत मात्र बरीचशी टिकून आहे. अशा प्रकारच्या भिंतींमध्ये जगातली सर्वांत लांब म्हणून तिचं नाव घेतात. सफकमध्ये अशा पन्नासेक तरी भिंती आहेत, उरलेल्या इंग्लंडमध्ये मिळून तेवढ्या नाहीत. ब्रॅमफील्ड, हेवनिंगहॅम अशा गावांत जुन्या बागांभोवती त्या अजून उभ्या आहेत. गावकरी त्यांना ‘क्रिंकल-क्रँकल’ म्हणतात.

पाहणाऱ्याला वाटतं, हौसेचा मामला आहे. जमीनदाराला पैसा जास्त झाला, म्हणून भिंतीला झालर लावली. खरी गोष्ट उलटी आहे. ही भिंत विटा वाचवण्यासाठी वाकडी केलेली आहे.

विटेची भिंत पडते कशी, ते आधी पाहू. कुंपणाच्या भिंतीवर छप्पर नसतं, त्यामुळे वरून दाबून धरणारं काही नसतं. वारा आडवा येतो आणि तिला ढकलतो. भिंत आपल्या वजनाने त्याला विरोध करते. पण त्या वजनाला पाय रोवायला जागा किती, तर भिंतीच्या जाडीइतकीच. साडेचार इंची भिंतीचं वजन तिच्या मधोमध, म्हणजे कडेपासून सव्वादोन इंचांवर असतं. ती कलली की तेवढ्याच कडेवर तोलायची. म्हणून गवंडी सांगतो, कुंपण उंच हवं असेल तर नऊ इंची घाला, नाहीतर मध्ये पिलर द्या. आता हीच साडेचार इंची भिंत लाटेसारखी वळवली, तर तिचे फुगवटे दोन्ही बाजूंना पुढे येतात. वारा कुठूनही आला तरी भिंतीला कलायचं असेल तर त्या फुगवट्यांच्या टोकांवरूनच कलावं लागतं, आणि तिथून वजनाचा मध्य इंचांत नाही, फुटांत मोजायच्या अंतरावर असतो. कोरा कागद टेबलावर उभा राहत नाही, पण पंख्यासारख्या घड्या घातल्या की राहतो, तोच प्रकार.

आकडे मांडून पाहिले की चित्र स्वच्छ होतं. १०० फूट लांब आणि ६ फूट उंच कुंपण घालायचं आहे असं समजा. सांध्यांसकट नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच उंच अशी वीट धरली, तर नऊ इंची सरळ भिंतीला साधारण ६,४०० विटा लागतील. साडेचार इंची सरळ भिंतीला त्याच्या निम्म्या, ३,२००. नागमोडी भिंत साडेचार इंचीच, पण वळणांमुळे तिची लांबी वाढते. दर १० फुटांना एक पूर्ण लाट आणि लाटेची एकूण रुंदी सव्वातीन फुटांच्या आसपास ठेवली, तर ही वाढ सुमारे २२ टक्के येते. म्हणजे विटा ३,९०० धरा. नऊ इंचीच्या तुलनेत अडीच हजार विटा वाचल्या. आणि ताकद? वजन आणि कडेपासूनचं अंतर यांचा गुणाकार करून पाहिला, तर ही कमी विटांची भिंत उलथण्याला नऊ इंचीच्या जवळजवळ तिप्पट विरोध करते. अर्थात, सगळी भिंत एकजीव राहिली तर. माल भुसभुशीत असेल, सांधे उघडले असतील किंवा पाया एका जागी खचला, तर हा गुणाकार कागदावरच राहील.

लाट किती खोल असावी, यालाही मर्यादा आहे. लागोपाठ अर्धवर्तुळं जोडत गेलं तर लांबी तब्बल ५७ टक्क्यांनी वाढते आणि बचत तेराशे-चौदाशे विटांवर येते. फार उथळ ठेवली तर भिंत सरळ भिंतीसारखीच डळमळते. जुन्या कारागिरांनी हे समीकरण सोडवून काढलेलं नव्हतं. बांधून, पाडून, पुन्हा बांधून ते हाताला बसवलेलं होतं.

एक गोष्ट मात्र या भिंतीचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. तुलना नऊ इंची भिंतीशी केली तरच ती स्वस्त ठरते. आपल्याकडे सर्रास घालतात तशी साडेचार इंची सरळ भिंत, दर दहा फुटांवर विटांचा पिलर, असा हिशेब मांडला तर साडेतीन हजारांच्या आसपास विटांत काम भागतं. नागमोडी भिंतीपेक्षा चारेकशे विटा कमीच. मग लोकांनी ती का बांधली असेल?

एक उत्तर फळांत आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या पूर्व भागातली दलदल उपसून शेतजमीन करायचं मोठं काम निघालं. त्यासाठी हॉलंडहून माणसं आली. कॉर्नेलियस व्हर्माउडेन हा त्यांतला नावाजलेला अभियंता. वळणदार भिंतीची चाल या डच मंडळींबरोबर आली, असं सफकमध्ये मानतात. हॉलंडमध्ये तिला नागभिंतच म्हणत. थंड मुलखात पीच, जर्दाळू, अंजीर, द्राक्षं अशी ऊन मागणारी फळं पिकवायची तर झाडाला पाठीशी ऊब लागते. पूर्व-पश्चिम भिंत घातली की तिचा एक चेहरा दिवसभर दक्षिणेच्या उन्हाकडे राहतो. विटा दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतात. झाडाच्या फांद्या भिंतीला चिकटवून सपाट पसरवतात. वळणाच्या खोबणीत वाऱ्याचा मारा कमी लागतो आणि त्याच लांबीत झाडांना चिकटायला जास्त भिंत मिळते. हा विषय त्या काळी किती गांभीर्याने घेतला जाई, याचा एक दाखला सांगण्यासारखा आहे. न्यूटनचा स्नेही आणि रॉयल सोसायटीचा सदस्य असलेला स्विस गणिती निकोलस फातियो द दुइलिए याने १६९९ साली फळबागांच्या भिंतींवर एक पुस्तकच काढलं. सूर्यकिरण जास्तीत जास्त झेलायला भिंत तिरपी कशी ठेवावी, हे त्यात त्याने गणिताने मांडलं होतं.

महाराष्ट्रात या उबेचा उपयोग शून्य. इथे भिंतीने ऊन साठवू नये म्हणून धडपडावं लागतं. पण वळणाचा सावलीसाठी उपयोग होतो. दर लाटेच्या पोटात दिवसाच्या कुठल्या ना कुठल्या वेळी गारवा असतो, आणि कोवळ्या रोपाला तेवढा पुरतो.

विटा वाचवण्याच्या ओढीला इंग्लंडमध्ये आणखी एक धार आली ती १७८४ साली. अमेरिकेतल्या वसाहतींशी झालेल्या युद्धाने तिजोरी रिकामी केली होती. ती भरायला सरकारने विटांवर कर बसवला, दर हजारी नगांवर. हा कर १८५० पर्यंत चालला. कर नगावर आहे म्हटल्यावर काही ठिकाणी विटांचा आकारच वाढवण्यात आला. ज्या जमीनदाराला मैलभर कुंपण घालायचं आहे त्याला प्रत्येक हजारामागे पैसे मोजायचे होते, त्यामुळे विटा कमी लागणारी कुठलीही युक्ती त्याला गोड वाटणार. ईस्टनच्या भिंतीसारख्या भिंती याच काळातल्या आहेत. दक्षिणेकडे लिमिंग्टनमध्ये अशीच एक भिंत आहे. ती नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात तिथे राहिलेल्या हॅनोव्हरच्या परागंदा सैनिकांनी बांधली, असं म्हणतात.

ज्या युद्धाच्या खर्चापायी इंग्लंडात विटा महागल्या, त्या युद्धाच्या काळात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस पुढे याच भिंतीच्या प्रेमात पडला. थॉमस जेफरसनने १७८६ च्या वसंतात जॉन ॲडम्सबरोबर इंग्लंडमधल्या बागा हिंडून पाहिल्या होत्या. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर, म्हातारपणी, त्याने व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल इथे विद्यापीठ उभारायला घेतलं. १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये कोनशिला बसली तेव्हा तो, मॅडिसन आणि मन्रो असे आजी-माजी तीन राष्ट्राध्यक्ष हजर होते. लांबलचक हिरवळ, तिच्या दोन्ही अंगांना प्राध्यापकांची दहा घरं, मधे विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि घरांच्या पाठीमागे बागा. त्या बागांभोवती त्याने एकेरी विटेच्या नागमोडी भिंती योजल्या. आकार त्याने शोधला नाही, तो इंग्लंडमध्ये आधीच होता. पण किती विटा लागतील आणि किती वाचतील, याचा हिशेब त्याने स्वतः केला होता. मोजण्याचा छंदच होता त्याला. हवामान, पेरणी, बागेतल्या वाटाण्याला शेंग कधी धरली, सगळं तो टिपून ठेवी. आज युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेल्या या आवारातल्या त्या भिंती बघायला जगभरातून वास्तुरचनेचे विद्यार्थी येतात. आपल्याकडून तिथे शिकायला गेलेली मुलंही त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

या भिंतींना आणखी एक काम होतं. प्राध्यापकांच्या घरामागच्या त्या आवारात निव्वळ फुलझाडं नव्हती. तिथे स्वयंपाकघर होतं, मांस धुरवायची खोली, धुणी, सरपणाचे ढीग, कोंबड्या-डुकरं, संडास. आणि हे सारं सांभाळणारी गुलाम माणसं होती. मुळात भिंती आजच्यापेक्षा उंच होत्या. हिरवळीवरून फिरणाऱ्या विद्यार्थ्याला पलीकडचं राबणं दिसू नये, अशी ती योजना. १८१७ पासून १८६५ मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत या विद्यापीठात सुमारे ४,००० गुलामांनी काम केलं. त्यांनीच टेकडी सपाट केली, माती खणली, तुडवली, साच्यात थापली, विटा भाजल्या, वाहून नेल्या. जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसांची मालकी भोगली. वाचलेल्या विटांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या कागदांत ती वीट घडवणाऱ्या हातांची मोजदाद मजुरी म्हणून नाही, मालमत्ता म्हणून येते.

मला या विषयात सर्वांत जास्त अडकवून ठेवलं ते याच गोष्टीने. नागमोडी भिंत विटा वाचवते ती श्रम खर्चून. सरळ भिंतीला दोरी ताणली की काम भरभर उरकतं. वळणाला दोरी चालत नाही, थराथराला हात थांबतो, डोळा लावावा लागतो. म्हणजे ही भिंत स्वस्त की महाग, ते श्रमाची किंमत कोण आणि कशी लावतो यावर ठरतं. जिथे वीट विकत घ्यायची आणि माणूस आधीच विकत घेतलेला, तिथे ती स्वस्त पडणारच.

एकेरी विटेच्या त्या भिंती पुढे मोडकळीला आल्या. बारीक पाया, ओल, थंडीत गोठणारं पाणी, वर वाढलेली झाडं, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. आज दिसतात त्या भिंती बहुतांशी विसाव्या शतकाच्या मध्याला, व्हर्जिनियाच्या गार्डन क्लबच्या पुढाकाराने बागांचं पुनरुज्जीवन झालं तेव्हा पुन्हा बांधलेल्या आहेत, आणि मुळापेक्षा ठेंगण्या. त्या वेळी मागच्या आवारातल्या सरपणाच्या, धुण्याच्या जागी नेटक्या शोभेच्या बागा आल्या. पलीकडची माणसं दुसऱ्यांदा पुसली गेली, असं मी म्हणेन. विद्यापीठाने २०१३ साली गुलामगिरीच्या आपल्या इतिहासाचा शोध घ्यायला आयोग नेमला, आणि २०२० मध्ये आवारात एक स्मारक उभं राहिलं. ८० फूट व्यासाचं, काळसर ग्रॅनाइटचं, एका बाजूने उघडं वर्तुळ. आतल्या भिंतीवर ४,००० खुणा कोरल्या आहेत, माणशी एक. त्यांतल्या ५७८ जणांची नावं सापडली तेवढी लिहिली आहेत. काहींचं नुसतं काम ठाऊक आहे, काहींचं नुसतं नातं. बाकीच्या खुणांवर काहीच नाही, दगडात एक आडवा वार तेवढा. पाऊस पडला की त्या वारांतून पाणी ओघळतं.

हे वाचताना मराठी माणसाला पालघर-रायगड आठवायला हवं. वीटभट्ट्या लागतात त्या पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमाराला. त्याच दिवसांत कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून भट्टीवर निघतात. मालकाकडून आधी उचल घेतलेली, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी पुढचा पावसाळा येईपर्यंत माती तुडवणार, विटा पाडणार, आणि मोबदला हजारी विटांमागे ठरलेला. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे, तरी श्रमजीवी संघटनेला ठाणे-पालघर भागात या प्रश्नावर वर्षानुवर्षं लढावं लागलं. भट्टीवरच्या मुलांची शाळा बुडते म्हणून विधायक संसद या संस्थेने त्यांच्या झोपड्यांजवळ भोंगाशाळा चालवल्या. ‘हजारी’ हे माप १७८४ चा कर घेणाऱ्याचंही होतं आणि आजच्या भट्टीवाल्याचंही आहे. वीट वाचवणं म्हणजे काय वाचवणं, हा प्रश्न म्हणूनच मला सफकच्या फळबागेत सोडून देता येत नाही.

वळणाचं शहाणपण श्रमाचा मान राखून वापरलेलं पाहायचं असेल तर उरुग्वेला जावं लागतं. मॉन्टेव्हिडिओपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, अटलांटिडा स्टेशनच्या वस्तीत, एलादियो दिएस्ते या अभियंत्याने १९५८ ते १९६० या काळात एक चर्च बांधलं. नाव ‘कामगार ख्रिस्ताचं चर्च’. पोलाद आणि सिमेंट महाग, वीट आणि गवंडी मात्र हाताशी, अशी त्या देशाची स्थिती. त्याच्या भिंती जमिनीलगत सरळ रेषेत सुरू होतात आणि वर जाता जाता लाट धरतात. माथ्याला ती लाट पुरती फुगलेली असते. छपरालाही तशाच लाटा. बघताना वाटतं हे आकार कुणा जादूगाराने वळवले असतील. पण त्यातली खुबी गवंड्याला कळणारी आहे. खालची सरळ रेषा आणि वरची लाट यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी एक सरळ दोरी ताणता येते. भिंत वाकडी, तरी दोरी सरळच. साध्या दोरीने काम करणाऱ्या माणसाला जमेल अशी भूमिती दिएस्तेने निवडली. २०२१ मध्ये युनेस्कोने या चर्चला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दिएस्ते १९१७ सालचा. त्याच वर्षी इंग्लंडात बर्मिंगहॅमला लॉरी बेकर हा वास्तुकार जन्मला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये सेवा करून परतताना बोटीची वाट पाहत तो मुंबईत अडकला आणि तिथे त्याची गांधीजींशी गाठ पडली. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हा गांधीजींचा विचार त्याने जन्मभर जपला. आधी हिमालयात पिथोरागडला आणि पुढे केरळात त्याने हजारो माणसांना परवडणारी घरं दिली. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात फिरलं तर त्याच्या विटांच्या भिंती झाडाला वळसा घालून, उतार धरून जाताना दिसतात. सरळ पातळ भिंतीपेक्षा वळलेली किंवा आत-बाहेर घडी घातलेली पातळ भिंत जास्त मजबूत, हे तो स्वतः काढलेल्या चित्रांनिशी, सोप्या पुस्तिकांतून लोकांना समजावून सांगे. खर्चाबद्दलही तो स्पष्ट होता: पैसा कारखान्यातल्या सामानावर जाण्यापेक्षा गावच्या कारागिराच्या हाती जावा. नागमोडी भिंतीचं अर्थशास्त्र इथे उलटं फिरतं. जेफरसनच्या हिशेबात श्रम धरलेच नव्हते. बेकरला ते जास्तच हवे होते, आणि त्यांचे दाम चुकते करायचे होते.

सातारच्या बाजूला एका शाळेच्या बागेभोवती अशी भिंत घालायचं काम चाललेलं मला बघायला मिळालं. मिस्त्री साठीतले, हाताखाली एक मुलगा आणि एक बिगारी बाई. आधी त्यांनी जमिनीवर फक्कीने लाट आखून घेतली. खुंटी ठोकून, दोरीचं टोक धरून एक कमान इकडे, एक तिकडे. पाया लाटेबरोबर वळवला नाही. रुंद सरळ चर घेऊन तो सलग भरला, म्हणजे फुगवटा कुठेही आला तरी खाली पक्की बैठक. पहिले दोन थर त्यांनी मालाशिवाय नुसतेच मांडून पाहिले. पूर्ण वीट वळणावर ठेवली की बाहेरच्या अंगाला सांधा उघडतो आणि आत विटांचे कोपरे एकमेकांना भिडतात. जिथे वळण जास्त घट्ट तिथे त्यांनी अर्ध्या विटा वापरल्या. थापीच्या कडेने एक टिचकी, आणि वीट बरोबर मधून दुभंगे. प्लायचा एक वक्र फर्मा कापलेला होता, दर थराला तो लावून बघायचा. ओळंबा मात्र प्रत्येक वळणाच्या पोटाला आणि पाठीला सोडायचा.

“ताई, सरळ भिंतीत एक वीट इकडं-तिकडं झाली तर गिलाव्यात खपती,” ते म्हणाले. “हितं गिलावा न्हाई. सगळं उघडं.”

मी विचारलं, किती वेळ जास्त लागतो?

“दुप्पट धरा. पोरगं शिकतंय म्हणून त्याहून थोडं जास्तच.”

माथ्यावर शेवटचा थर आडव्या विटांचा घ्यायचा होता, पावसाचं पाणी भिंतीत मुरू नये म्हणून. त्याला उतार कुठल्या बाजूला द्यायचा यावर त्यांची आणि त्या पोराची बराच वेळ चर्चा चालली. शेवटी बागेच्या बाजूला द्यायचं ठरलं. पाणी झाडांना तरी जाईल. बाईंनी तोवर आधीच्या दिवशीच्या कामावर पाणी मारून घेतलं होतं.

पैशांचं कसं ठरवलंत, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी थापी बाजूला ठेवून नीट उत्तर दिलं. शाळेने आधी रनिंग फुटाचा दर सांगितला होता, सरळ कुंपणाचा असतो तोच. त्यांनी तो नाकारला. अंगावर घेतलं की उरकायची घाई होते, आणि घाईत वळण बिघडतं. म्हणून काम हजेरीवर घेतलं, तिघांची हजेरी वेगवेगळी लावून. बाईंची हजेरी त्यांच्याच हातावर पडायची, मिस्त्रींमार्फत नाही, हेही त्यात ठरलं होतं.